कोहिबा सिगलो ६ : पट्टी काढली की किती उरते?

कोलशेतकर | १७ ऑगस्ट, रात्री ११:४२

साडू मार्चमध्ये दोह्याहून आला तेव्हा त्याने कोहिबा सिगलो ६ या क्युबन सिगारीच्या तीन ॲल्युमिनियमच्या नळ्या माझ्या हातात ठेवल्या, एका नळीत एक सिगार. मी भोळेपणाने किंमत विचारली आणि त्यानेही तितक्याच भोळेपणाने सांगितली. एक साधारण साडेआठ हजाराला. तिथेच माझी गोची झाली. मी वर्षाला चार-पाच सिगारी ओढणारा माणूस, त्याही निकाराग्वाच्या, हजार-बाराशेच्या. साडेआठ हजाराची वस्तू पेटवायला मुहूर्तच सापडेना. बायको म्हणाली, लॉकरमध्ये ठेव, पोरीच्या लग्नात काढू.

शेवटी ठरवलं की किंमत डोक्यातून काढून ओढायची. नौपाड्यात मित्राची जुनी बंगली आहे, पुढच्या वर्षी रिडेव्हलपमेंटला जाणार. मागे पत्र्याची शेड, शेजारी फणस, आणि धुराबद्दल कुरकुर करायला आजूबाजूला आता कुणी राहत नाही. आमच्या सोसायटीत बाल्कनीत नुसती काडी पेटवली तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो.

पंच म्हणून वहिनी, मित्राची बायको. एक सिगलो आणि माझी नेहमीची एक निकाराग्वाची अशा दोन त्यांच्याकडे दिल्या. दोन्ही सहा इंचाच्या आसपास, दोन्ही ५२ रिंगच्या. (एक रिंग म्हणजे इंचाचा ६४ वा भाग. ५२ रिंग म्हणजे जाडी साडेवीस मिलिमीटर, जवळपास रुपयाच्या नाण्याएवढी.) त्यांनी कंपनीच्या नावाच्या पट्ट्या काढून कागदाच्या पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या, १ आणि २. पट्टी काढताना २ नंबरचं वरचं पान टराटरा फाटलं. वहिनींनी कणकेची खळ करून ते जागच्या जागी चिकटवलं. मी मनात म्हटलं, चला, निकाल लागला. साडेआठ हजाराचं पान असं फाटेल होय?

मागच्या शनिवारी १ ओढली, काल २. गुण चार भागांत: दिसणं आणि बांधणी १५, ओढताना कशी वागते ते २५, चव २५, एकूण अनुभव ३५.

१ नंबर: १४ + २३ + २२ + ३० = ८९. सुरुवातीला मिरी, जिभेच्या मागच्या बाजूला. मग भाजलेल्या शेंगदाण्याचं लाल साल चावल्यासारखं तुरट, मधूनच कडू कोको. राख बोटाएवढी झाली तरी पडेना. साडूला मनातल्या मनात नमस्कार केला.

२ नंबर: ९ + १५ + २२ + २७ = ७३. ड्रॉ, म्हणजे धूर ओढायची वाट, इतका घट्ट, की कोकम सरबताच्या स्ट्रॉमध्ये बी अडकावी तसं. चार वेळा विझली. एका बाजूने जळत गेली, दुसरी बाजू तशीच, होडीसारखी. चव जेव्हा आली तेव्हा छान आली: सुकं गवत, मध, दूध जास्त झालेली कॉफी. पण येईल तेव्हा.

काल रात्री वहिनींनी उत्तराचं पाकीट उघडलं. १ निकाराग्वा. २ कोहिबा.

आता बोला.

सानपाडा_स्लो | १८ ऑगस्ट, सकाळी ७:१५

आधी ती खरी आहे का ते बोलू. आमच्या एका नातेवाइकाने समुद्रकिनाऱ्यावरच्या कुठल्याशा दुकानातून काचेच्या झाकणाची कोहिबाची अख्खी पेटी आणली होती. कोहिबाची अधिकृत पेटी काचेच्या झाकणाची येतच नाही. आत काय होतं देव जाणे, फोडून बघितली तर भुसा बरा म्हणायची वेळ. तुमच्या साडूंनी कुठून घेतली?

कोलशेतकर | १८ ऑगस्ट, सकाळी ९:०२

विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून, बिलासकट. बिल साडूकडे आहे, त्याने ते मला व्हॉट्सॲपवर पाठवलंही. न मागता.

संपादक | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

धागा चालू ठेवतो आहोत. दुकानांचे पत्ते, दर, 'मला एक आणून द्या' वगैरे इथे नको. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे, हे सर्वांनी ध्यानात ठेवावं. एक प्रतिसाद उडवला आहे.

टांग्याचा_घोडा | १८ ऑगस्ट, सकाळी १०:४१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मीठागर | १८ ऑगस्ट, दुपारी १:२०

धागाकर्ते, गुणांचा तक्ता नीट बघा. चवीला तुम्ही दोघींना २२ च दिलेत. सिगलो पडली ती बांधणीत आणि ड्रॉमध्ये. बांधणीतले पाच-सहा गुण तर वहिनींच्या खळीने खाल्ले. म्हणून एकच प्रश्न: मार्च ते ऑगस्ट या सिगारी होत्या कुठे?

कोलशेतकर | १८ ऑगस्ट, दुपारी २:०५

नळीतून काढून लाकडी पेटीत. आत सीडरची फळी आहे, आर्द्रता मोजणारा डिजिटल मीटर आहे. मीटर कायम ७२ टक्क्यांच्या आसपास. ७० च्या वर जरा जास्त, पण फार नाही ना?

मीठागर | १८ ऑगस्ट, दुपारी २:१८

मीटर खरं बोलतो हे कुणी सांगितलं? बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या. थेंब थेंब पाणी घालून चिखल करा, मीठ विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या वरच्या हवेत आर्द्रता ७५ टक्केच राहते, तुमच्या घरी असो की माझ्या. सकाळी मीटर काय म्हणतो ते इथे लिहा. तोवर निकाल राखून ठेवावा ही विनंती.

नेरूळची_डॉक्टर | १८ ऑगस्ट, रात्री ९:५०

'आम्ही धूर आत घेत नाही' हे वाक्य अजून कुणी लिहिलेलं नाही. येईलच, म्हणून आधीच लिहिते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटिन घ्यायला तो फुप्फुसात ओढावा लागतो. सिगारचा धूर अल्कधर्मी, त्यातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. आणि धूर तोंडात घोळवत बसण्यालाच तुम्ही लोक चाखणं म्हणता. मोठ्या सिगारीत अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंड, घसा, अन्ननलिका या तिन्ही ठिकाणच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध पक्का आहे. आमच्या इथून खारघरचं टाटांचं कर्करोग केंद्र, ॲक्ट्रेक, जवळ आहे, तिथल्या बाकावर बसलेल्यांना महाग-स्वस्त विचारून बघा.

बाकी खळीचा किस्सा आवडला. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आणि पंधरा दिवसांत गेला नाही तर दाखवायला या.

कोलशेतकर | १८ ऑगस्ट, रात्री १०:११

डॉक्टर, मान्य. वाद घालायला तोंड नाही, असं म्हणणार होतो, पण विनोद तुमच्याच बाजूने जाईल.

चिकोडीकर | १९ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मी घोडबंदरला राहतो, पण गाव निपाणीजवळ. आजोबा तंबाखू लावायचे. तंबाखूच्या भावासाठीच्या १९८१ च्या आंदोलनात हायवेवर बसलेत. त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही. मी स्वतः ओढत नाही, पान मात्र हाताला कळतं.

आमच्याकडची तंबाखू बिडीची. शेंडा खुडायचा, बगलफूट काढत राहायची, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो. मग पान उन्हात वाळवायचं. क्युबात खुडणी अशीच, पण पुढं रस्ता वेगळा. तिथं पान सावलीत, उंच लाकडी कोठारात टांगून वाळवतात, नुसत्या हवेवर. आणि वरचं गुंडाळायचं पान, ज्याला तुम्ही रॅपर म्हणताय, त्याच्यासाठी अख्ख्या शेतावर पातळ कापडाचा मांडव घालतात. ऊन थेट लागलं की पान जाड होतं, शिरा फुगतात. वहिनींच्या हातात फाटलं ते हेच मांडवातलं पान. ते पातळच असणार. फाटलं म्हणून स्वस्त, हा तुमचा हिशेब उलटा झाला.

आता सारण. करंजीत जसं सारण तसं सिगारीत आतलं मिश्रण. एकाच झाडाची पानं, पण उंचीप्रमाणं गुण वेगळे. बुडातलं पान हलकं, ते जळण चांगलं ठेवतं, त्याला वोलादो म्हणतात. मधलं सेको, वास त्याचा. वरचं लिगेरो, त्याला ऊन जास्त मिळतं, म्हणून जाड आणि कडक, आणि ते सावकाश जळतं. म्हणून वळणारा माणूस लिगेरो बरोबर मधोमध ठेवतो. बाजूला सरकलं तर एकीकडची सिगार पुढं जळत जाते आणि तुमची होडी होते. आमच्या गावात बिडी वळणाऱ्या बायका तेंदूच्या पानात जर्दा घालताना बोटानं दाबून बघायच्या. एक चिमूट जास्त झाली तरी टोक कात्रीनं उघडून परत. दाबलेली बिडी ओढत नाही, हे त्यांना शिकवावं लागलं नाही कुणी.

कोहिबाचं वेगळेपण एवढंच ऐकून आहे, की पानं आंबवायचे फेरे इतरांपेक्षा एक जास्त, तिसरा फेरा पिंपात. पान आंबताना ढिगात उष्णता धरते आणि अमोनिया सुटतो. आमच्या वखारीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं, तोच. तो पुरता गेला नाही तर सिगार जिभेला चावते. जास्तीच्या फेऱ्याचा फायदा तो असावा. म्हणजे साडूंनी दिलेले पैसे 'काहीतरी आहे' याचे कमी, 'काहीतरी नाही' याचे जास्त.

येऊरची_वाट | १९ ऑगस्ट, सकाळी ८:१२

चिकोडीकर, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सानपाडा_स्लो | १९ ऑगस्ट, दुपारी १२:३३

पैशांचं निघालंच आहे तर. कोहिबा १९६६ मध्ये कास्त्रोसाठी आणि सरकारी पाहुण्यांना भेट द्यायला म्हणून वळायला लागले, हवानातल्या एल लागितोच्या हवेलीत. बाजारात यायला ८० चं दशक उजाडलं. सिगलो मालिका १९९२ ची, कोलंबसाच्या सफरीच्या ५०० वर्षांची आठवण म्हणून. सहावी त्यात २००२ ला आली. आणि २०२२ मध्ये कंपनीने कोहिबाचे जगभरचे भाव हाँगकाँगच्या भावाला नेऊन बांधले, तेव्हा कित्येक देशांत एका रात्रीत दुप्पट-तिप्पट झाले. पान तेच, मांडव तोच, वळणारी बाई तीच. आदल्या दिवशी ओढलेली आणि दुसऱ्या दिवशी ओढलेली यात चवीचा फरक किती धरायचा?

अवांतर: केनेडींनी १९६२ मध्ये क्युबावर निर्बंधांची सही करण्याआधी आपल्या माणसाला रातोरात हजारेक क्युबन सिगारी गोळा करायला पाठवलं होतं. बाराशे मिळाल्या, मग सही झाली. आपले आमदार उगाच बदनाम.

येऊरची_वाट | १९ ऑगस्ट, दुपारी १:०५

रच्याकने (बाय द वे), दोन वर्षांपूर्वी गच्चीवर मित्राने दिलेली सिगार ओढत होतो आणि लाइट गेले. मिट्ट काळोख. धूर दिसेना. पाच मिनिटं मी विझलेली सिगार मजेत ओढत होतो आणि चॉकलेटची चव लागतेय असं सांगतही होतो. तेव्हापासून चवीचे धागे लांबूनच वाचतो.

कोलशेतकर | २१ ऑगस्ट, सकाळी ७:०९

मीठ झालं. रात्रभर पिशवीत होतं. मीटर ६९ म्हणतो.

मीठागर | २१ ऑगस्ट, सकाळी ७:३१

म्हणजे सहाने कमी दाखवतो. तुमच्या ७२ चे खरे ७८. ठाण्याचा जून, जुलै, अर्धा ऑगस्ट. पापड सादळतो ती हवा. सिगार स्पंजासारखी पाणी पिते, आतली पानं फुगतात, वाट बंद होते. निकाराग्वावाली किती दिवस पेटीत होती?

कोलशेतकर | २१ ऑगस्ट, सकाळी ७:३८

...चार दिवस. त्याच आठवड्यात घेतली होती.

मीठागर | २१ ऑगस्ट, सकाळी ७:४४

झालं. एक आंघोळ करून आलेली आणि एक पाच महिने डबक्यात बसलेली, अशी शर्यत लावलीत. उरलेल्या दोन हवाबंद डब्यात घाला, ६५ टक्क्यांचं आर्द्रता धरणारं पाकीट आत टाका आणि सहा आठवडे विसरून जा. घाई करून पंख्याखाली वाळवू नका, वरचं पान आधी आक्रसेल आणि तडकेल. गणपती-नवरात्र जाऊ दे.

कोलशेतकर | ५ ऑक्टोबर, रात्री १२:२०

धागा वर काढतोय.

आज दुसरी सिगलो. तीच शेड, तोच फणस. पंच नव्हता, वहिनी माहेरी. पट्टी तशीच ठेवली, पिवळ्या-काळ्यावर पांढरे ठिपके बघत बसलो थोडा वेळ.

टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, कापली, न पेटवता एक झुरका ओढला. हवा मोकळी आली. तेव्हाच मीठागरांना हात जोडले. काडी दूर धरून फूट, म्हणजे पेटवायचं टोक, आधी नुसता शेकला, कडेने लाल झाल्यावर पहिला झुरका. पहिल्या एक तृतीयांश भागात तेच सुकं गवत आणि मध, पण आता प्रत्येक झुरक्याला. मधे गेल्यावर गंमत झाली. आजीच्या घरी शेणाने सारवलेल्या पडवीत उन्हाळ्यात दुपारी आडवं झालं की जो वास येतो, थंड, मातीचा, थोडा गोड, तो आला. नाकातून थोडा धूर सोडला की देवघरातल्या लाकडी कपाटाचा. शेवटी शेवटी कॉफीचा गाळ आणि किंचित मीठ. दीड तास. एकदाही विझली नाही. बोटं भाजायला लागल्यावर ठेवली.

१४ + २३ + २३ + ३४ = ९४.

मीठागर | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:००

अभिनंदन. आता वाईट प्रश्न. बांधणी सुधारली, मान्य, खळ नव्हती. ड्रॉ सुधारला, मान्य. चव २२ ची २३ झाली, एकच गुण. पण 'एकूण' २७ चं ३४ कसं झालं? आणि मोकळ्या ड्रॉच्या निकाराग्वाला तुम्ही तिथे ३० दिले होते, २३ आणि २२ वर. इथे २३ आणि २३ वर ३४.

कोलशेतकर | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

सकाळपासून याचंच उत्तर शोधतोय. शोधून असं सापडलं: पहिल्या तीन रकान्यांत मी सिगारीला गुण देत होतो. चौथ्यात संध्याकाळला. साडू, दोहा, सहा आठवड्यांचा धीर, ते मीठ, हा धागा, सगळं त्यात गेलं. आणि साडेआठ हजार तर गेलेच.

सानपाडा_स्लो | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

म्हणजे १४ + २३ + २३ = ६० ही कोहिबा आणि १४ + २३ + २२ = ५९ ही तुमची बाराशेची. एका गुणाला सात हजार तीनशे. खारघरला फ्लॅट स्वस्त पडतो.

नेरूळची_डॉक्टर | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

पडवीचं वर्णन वाचून मला माझ्या आजोळची आठवण झाली, याचा मला राग आला आहे.

चिकोडीकर | ५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

सानपाडा, हिशेब बरोबर आहे पण तिढा निराळाच आहे. दोन्ही पट्टीशिवाय, दोन्ही सारख्या सुकवून, परत एकदा. तिसरी आहे ना? आणि या वेळी पंचांना पट्टी काढायच्या आधी सिगार थोडी पेटवू द्या. गरम झाली की पट्टीचा डिंक आपसूक सुटतो, पान फाटत नाही.

कोलशेतकर | ५ ऑक्टोबर, दुपारी ५:०२

ठरलं. दिवाळीनंतर. निकाराग्वाच्या दोन आजच त्याच डब्यात टाकल्या.

कोलशेतकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५५

दिवाळीला दहा दिवस गावी होतो. फ्लॅट बंद, खिडक्या बंद, ऑक्टोबरची उरलीसुरली आग आत कोंडलेली. डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सगळ्यात गरम जागी. आज उघडला तर तिसऱ्या सिगलोच्या बरोबर मध्यावर टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक. खाली चिमूटभर बारीक पूड. आणि डब्याच्या कडेला एक तपकिरी भुंगेरा, मोहरीहून जरा मोठा, आरामात फिरत होता.

निकाराग्वाच्या दोघींना काही नाही. पट्टी कोहिबाच्या अंगावर होतीच, पण त्याला वाचता येत नसावी.

चिकोडीकर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१०

आमचे आजोबा म्हणायचे, किडा लागला म्हणजे पान बरं आहे. बघा, एका परीक्षकाचा निकाल आला.

मीठागर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:२२

निकाल वगैरे नाही. अंडी पानातच असतात, बघून कळत नाहीत. साधारण २४ अंशांच्या पुढे हवा गरम राहिली की फुटतात. तुमच्या घरी ३३ असणार. अळी आतून खाते, तिचा भुंगेरा होतो आणि तो पान पोखरून बाहेर येतो, त्याचं ते भोक. निकाराग्वाच्या दोघींतही असतील, फक्त अजून उठलेल्या नाहीत. तिन्ही आत्ताच्या आत्ता दोन-दोन झिपलॉकमध्ये घाला, एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये. थेट फ्रीजरमधून बाहेर काढलीत तर पान तडकेल.

कोलशेतकर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४८

फ्रीजरमध्ये जागा मिळाली. मटाराखाली, खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. अट अशी की पिशवीवर 'किडे' असं मोठ्या अक्षरात लिहायचं. लिहिलं.

एक शेवटचा प्रश्न. भोक पडलेली ओढता येते का?

मीठागर | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

एकच भोक असेल तर येते. बोट ठेवून ओढा, बासरीसारखी. नाहीतर वहिनींना विचारा, खळ शिल्लक असेल.